वळवाचं वादळ, वीज, गारपीट आणि टोर्नेडो: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की मृग लागेपर्यंत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये आणि ग्रामपंचायतींमध्ये वादळाबद्दल बोलायला जाते तेव्हा समोरची माणसं विचारतात, राहिलेले नंतर फोनवर विचारतात. विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ते इथे मांडले आहेत. आभाळ आत्ताच भरून आलं असेल तर आधी प्रश्न ३, ५ आणि ८ वाचा. बाकीचं सवडीनं.

१. नाशिकला टोर्नेडो येतो का हो? व्हिडिओ बघून मुलं घाबरलीत.

गडगडाटी ढगाच्या तळापासून थेट जमिनीपर्यंत टेकलेला, गरगर फिरणारा हवेचा खांब म्हणजे टोर्नेडो. आपल्या देशात तो क्वचित होतो आणि झालाच तर बहुधा पूर्वेकडे, म्हणजे बंगाल, ओडिशा, आसाम या पट्ट्यात. ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडी जिल्ह्यात मयनागुडीच्या आसपास तो आला, घरं उडाली, माणसं दगावली. दिल्लीलाही १७ मार्च १९७८ रोजी त्याचा फटका बसला होता. जगातला सगळ्यांत जीवघेणा टोर्नेडो मानतात तो बांगलादेशातला: २६ एप्रिल १९८९, दौलतपूर आणि साटुरियाचा परिसर, सुमारे १३०० बळी.

मुलांना एवढं सांगा की आपल्याकडे असा खांब दिसण्याची शक्यता फार कमी आहे. पण त्याच जातीच्या ढगातून येणारी बाकीची तीन संकटं नाशिकला दरवर्षी भेटतात: सोसाट्याचा वारा, वीज आणि गारा. टोर्नेडोसाठी जगभर जे आडोशाचे नियम सांगतात, त्यातले बरेचसे इथेही कामाला येतात. कुठे येत नाहीत ते पुढे त्या त्या प्रश्नात सांगितलं आहे.

२. वावटळ, चक्रीवादळ आणि टोर्नेडो एकच ना?

नाही. बातम्यांमध्ये तिन्हींना सर्रास 'चक्रीवादळ' म्हणतात, त्यानं गोंधळ वाढतो.

वावटळ जमिनीतून उठते. चैत्र-वैशाखात रान तापलं की निरभ्र आभाळाखाली पाचोळा आणि धूळ गोल फिरत वर जाते आणि थोड्या वेळात विरते. डोळ्यांत धूळ जाण्यापलीकडे सहसा काही होत नाही. टोर्नेडोला मात्र वर ढग लागतोच. तो बहुधा काही मिनिटंच टिकतो आणि त्याचा पट्टा अरुंद असतो.

चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं. ते शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि त्याची वर्दी काही दिवस आधी मिळते. 'निसर्ग' आठवत असेल. ३ जून २०२० रोजी ते अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि बरंच ओसरून आपल्या जिल्ह्याकडे सरकलं.

आपल्या वळवाचं वादळ या तिन्हींहून वेगळं. दुपारी तापलेली हवा आणि समुद्रावरून आलेली ओल मिळून ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. मग त्याच्या पोटातली गार, जड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. घागर फरशीवर उपडी केली की पाणी जसं पसरतं तसं. पत्रे उडतात, झाडं आडवी होतात ती याच वाऱ्यानं.

३. वादळ येतंय हे आधी कसं कळेल? हाताशी वेळ किती असतो?

सकाळपासून घुसमट, दुपारी फुलकोबीसारखे वर चढणारे ढग, मग एका बाजूचं आभाळ शाईसारखं काळं होणं, लांबवर गडगड. इथवर वेळ असतो. त्यानंतर अचानक गार वाऱ्याची झुळूक अंगाला लागते. दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला ती सुखावते आणि घोटाळा नेमका इथेच होतो. ती झुळूक म्हणजे ढगातून कोसळलेल्या हवेची पुढची कड आहे. तिच्या मागून सगळ्यांत जोराचा वारा एक-दोन मिनिटांत येऊ शकतो आणि तोवर पावसाचा टिपूसही पडलेला नसतो.

"अजून पाऊस कुठे सुरू झालाय" हे वाक्य मी अपघातानंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. पावसावर भरवसा ठेवू नका. गार झुळूक लागली की हातातलं काम टाकून आत या. जोराचा भर बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो. विजेचा धोका मात्र त्यानंतरही राहतो (प्रश्न ८).

४. हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ काय? कुठलं ॲप ठेवायचं?

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग अख्ख्या जिल्ह्यासाठी असतात. त्यामुळे पिवळा असतानाही तुमच्या शिवारात गारांचा खच पडू शकतो आणि दहा किलोमीटरवर कडक ऊन असू शकतं. म्हणून सकाळी रंग बघायचा आणि दुपारनंतर पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघायचा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ठेवा, सगळ्या आपत्तींच्या इशाऱ्यांसाठी 'सचेत'. मळ्यात रेंज नसेल तर ॲपचा उपयोग नाही. तिथे गडगडाट हाच इशारा.

५. घरात असलो तर नेमकं कुठे थांबायचं? खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

खिडक्या बंद. 'दाब बाहेर जाऊ द्यावा म्हणून खिडक्या उघडाव्यात' हा सल्ला टोर्नेडोबद्दलही खोटा ठरला आहे. वारा आत शिरला की छताला खालून रेटा बसतो.

आरसीसी इमारतीतला फ्लॅट असेल तर बाहेरच्या भिंतीपासून आणि काचेपासून दूर, आतल्या पॅसेजमध्ये किंवा आतल्या खोलीत थांबा. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, कुठेही असा, अशी जागा बहुतेक प्रत्येक घरात असते. वादळाचा व्हिडिओ काढायला गॅलरीत जाऊ नका. वरच्या गच्चीवरच्या कुंड्या, सैल डिश अँटेना आणि पत्र्याचे तुकडे गॅलरीवरच येऊन पडतात. लिफ्ट वापरू नका. वीज गेली की माणूस मध्येच अडकतो.

पंचवटी, भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांचा मामला वेगळा आहे. मातीच्या भिंती, सडलेली लाकडं आणि वर चढवलेले पत्रे. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असेल तर त्या वाड्यात 'सुरक्षित कोपरा' शोधू नका. इशारा असलेल्या संध्याकाळी शेजारच्या पक्क्या इमारतीत जायचं आधीच ठरवून ठेवा. विशेषतः आजी-आजोबांना ऐनवेळी जिन्यावरून उतरवणं होत नाही.

६. आमचं मळ्यातलं घर पत्र्याचं आहे. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सोपं उत्तर नाही. पत्र्यावर ठेवलेले दगड आणि टायर वाऱ्याला रोखत नाहीत. पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात. दगड काढा. पत्रे हुकबोल्टनं पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधाराला, आवळून घ्या, पर्लिन भिंतीत नीट गाडलेलं आहे का ते बघा, आणि आधी कडेच्या रांगेकडे लक्ष द्या, कारण पत्रा बहुधा कडेकडून उचकटतो. कांद्याच्या चाळीलाही हेच लागू आहे.

आणि माणसांसाठी: पक्क्या छताची सगळ्यांत जवळची जागा कुठली? भावकीतलं स्लॅबचं घर, शाळा, समाजमंदिर? तिथवर चालत किती मिनिटं लागतात ते एकदा प्रत्यक्ष चालून बघा. पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर पहिल्या गडगडाटालाच निघायचं. जायला जमलंच नाही तर भिंतीलगत, भक्कम लाकडी पलंगाखाली किंवा टेबलाखाली जा, डोक्यावर गोधडी किंवा हेल्मेट घ्या. हेल्मेट घरात असतंच, फक्त या वेळी कुणाला आठवत नाही.

शेजारच्या पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये गर्दी करू नका. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर जुनं कडुनिंबाचं झाड कोसळलं. वादळापासून वाचायला आत थांबलेले सात जण गेले. शेडकडे बघताना वरच्या फांदीकडेही बघायला हवं.

७. गच्चीवर वाळवण असतं. ते गोळा करायला दोन मिनिटं तर लागतात ना?

माझा जीव या प्रश्नात अडकलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कुरडयांचा चीक घोटायला पहाटे उठावं लागतं. गहू तीन दिवस भिजवलेले असतात, घरातल्या दोघी-तिघींचा अख्खा दिवस त्यात गेलेला असतो. अशा वेळी आभाळ काळवंडलं की बाई पळते ती वर. एका मे महिन्यात मीही पळाले. प्लास्टिकच्या कागदावर अर्ध्या ओल्या कुरडया होत्या आणि चार कोपऱ्यांवर चार विटा. मी पहिली वीट उचलली आणि कागद शिडासारखा फुगला. मी तो सोडला नाही. वारा मला कागदासकट कठड्यापर्यंत ओढत घेऊन गेला. कठडा जेमतेम गुडघ्याच्या वर होता. शेजारच्या गच्चीवरून काकू ओरडल्या, "अगं सोड तो!" आणि माझी मूठ सुटली. कुरडया समोरच्या रस्त्यावर चिखलात गेल्या. हाताला विटेचं खरचटलेलं दोन आठवडे होतं.

तेव्हापासून सांगते: वाळवण घालायचं ते मोठ्या कागदावर घालू नका. सुती साड्यांवर किंवा छोट्या बाजेवर घाला, एका माणसाला उचलून जिन्यात ठेवता येईल एवढ्याच तुकड्यांत. दुपारी दोननंतर दर अर्ध्या तासानं आभाळ बघा. पहिला गडगडाट ऐकू आला तर उरलेलं आहे तसं सोडा. आणि घरातल्या बाकीच्यांनी "वाळवण भिजलं का?" असं विचारू नये. त्या एका प्रश्नापायी पुढच्या वेळी ती पुन्हा वर जाते.

८. शेतात असताना वीज कडाडायला लागली तर?

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्याजवळ पडू शकते. लगेच पक्क्या घरात किंवा बंद, धातूच्या टपाच्या गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं बाहेर पडू नका.

झाडाखाली नाही. विहिरीच्या कठड्यावर नाही. उघड्या ट्रॅक्टरवर नाही. लोखंडी पाइप, फवारणीचा दांडा, विळा-कुदळ खाली टाका.

द्राक्षबागेबद्दल मुद्दाम सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. निफाड-दिंडोरीकडे बागेचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि मैलोगणती तारा. एका टोकाला वीज उतरली तर प्रवाह तारेनं ओळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतो. वर पानांचं दाट छत असतं, सावली असते, म्हणून माणसं पावसात तिथेच उभी राहतात. बागेतून बाहेर या.

जवळपास काहीच आडोसा नसेल तर सखल जागी, पाण्यापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, कान झाका. आडवे पडू नका. जमिनीतून पसरणारा प्रवाह दोन पायांतल्या अंतरातून शरीरात शिरतो. अंतर जितकं जास्त तितका झटका मोठा. गुरं दगावतात ती याच कारणानं, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असतं. म्हणून जनावरं झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नका. मजूर बाया घोळक्यानं असतील तर पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवून बसा, म्हणजे एकीला लागलं तर बाकीच्या मदतीला उरतात. असं बसणं म्हणजे सुरक्षित होणं नव्हे. काहीच हाती नसताना धोका थोडा कमी करणं, एवढंच.

९. मोबाइलमुळे वीज पडते का? वीज चमकताना अंघोळ करू नये म्हणतात ते खरं का?

मोबाइल वीज ओढून घेत नाही. चार्जरला जोडलेला फोन आणि तारेचा लँडलाइन मात्र वापरू नका. अंघोळीचं म्हणणं खरं आहे: धातूच्या नळातून आणि पाण्यातून प्रवाह येऊ शकतो. भांडी घासणंही थांबवा. टीव्ही, फ्रिज, मोटारचं स्टार्टर यांचे प्लग आणि कटआउट आधीच काढा, कडाडायला लागल्यावर हात लावू नका.

१०. गारा सुरू झाल्या आणि बागेत माल आहे. काय वाचवता येतं?

त्या दहा मिनिटांत काहीच नाही. हे सांगताना वाईट वाटतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी पाहिली आहे, आणि २६ नोव्हेंबर २०२३ ची तर निफाड भागातल्या कुणालाही सांगायची गरज नाही. माहेरच्या बागेत गारा थांबल्यावर मी गेले होते. ओळींमध्ये बर्फाचा थर, त्यात हिरवे मणी रुतलेले, आणि चेचलेल्या पानांचा उग्र वास. घडावर एकेक मणी फुटून रस गळत होता. भाऊ एक घड हातात धरून उभा होता, बोलत नव्हता.

गारा पडत असताना क्रॉप कव्हर ओढायला, ताडपत्री टाकायला धावू नका. लिंबाएवढी गार डोकं फोडते. आच्छादन असेल तर ते इशारा मिळताच, आभाळ स्वच्छ असताना ओढायचं. फुटलेल्या मण्यांवर बुरशी लवकर धरते, त्यामुळे थांबल्यावर लगेच कृषी सहायकाला विचारून फवारणीचं ठरवा. फोटो आधी काढा (प्रश्न १५).

११. दुचाकीवर असताना वादळ आलं तर उड्डाणपुलाखाली थांबावं का?

अमेरिकेत टोर्नेडोच्या वेळी पुलाखाली थांबू नका म्हणून बजावतात, कारण तिथे वारा अधिक जोरानं घुसतो आणि उडत आलेल्या वस्तू लागतात. आपल्या मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलाखाली गारा आणि वीज यांच्यापासून आडोसा मिळतो हे खरं. धोका वेगळा आहे: दुचाक्यांची रांग लेनमध्ये येते आणि धो धो पावसात मागच्या ट्रकवाल्याला ती दिसत नाही. खांबाच्या आत, रस्ता पूर्ण सोडून जागा असेल तरच थांबा.

होर्डिंगखाली, पत्र्याच्या टपरीशी, गुलमोहराखाली थांबू नका. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. चारचाकीत असाल तर झाडं नसलेल्या जागी कडेला घेऊन, काचा वर करून आतच बसा. कसारा घाटात असाल तर दरडीच्या पायथ्याशी गाडी लावू नका.

१२. लग्न मोकळ्या लॉनवर आहे. मांडववाला म्हणतो काही होत नाही.

त्याला विचारा: खांब जमिनीत गाडलेत की नुसते उभे केलेत? कापड वाऱ्यात सोडवता येतं का? जनरेटर आणि झुंबरांची वायर कुठून गेली आहे? आणि लॉनवर पक्का हॉल आहे का, त्यात वऱ्हाड मावतं का? एका जाणत्या माणसाकडे आभाळावर नजर ठेवायचं काम द्या. गार झुळूक आली की त्यानं माइकवरून सांगायचं आणि सगळ्यांनी हॉलमध्ये जायचं, मंगलाष्टकं चालू असली तरी. सिंहस्थासाठी तंबू-मांडव उभारणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

१३. वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो का?

नाही. वीज निघून गेलेली असते, शरीरात साठून राहत नाही. या गैरसमजापायी माणसं लांब उभी राहतात आणि वाचू शकणारा जातो.

श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. अनेकांना लागलं असेल तर एरवीच्या उलट करा: जे कण्हताहेत त्यांना नंतर बघा, जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी जा. विजेनं थांबलेलं हृदय लगेच दाब दिल्यावर पुन्हा चालू होण्याची आशा असते. शेणात किंवा मातीत पुरून ठेवू नका, त्यात लाखमोलाची मिनिटं जातात.

१४. आणि तुटलेल्या तारेला चिकटला असेल तर?

तेव्हा हात लावायचा नाही. प्रश्न १३ चं उत्तर फक्त आभाळातल्या विजेला लागू आहे. पुरवठा बंद झाल्याशिवाय जवळ जाऊ नका. तारेपासून निदान दहा मीटर लांब राहा, वीज कंपनीला १९१२ वर कळवा. तुम्हीच अशा तारेजवळ सापडलात तर पाय न उचलता, दोन्ही पावलं जुळवून सरकत बाहेर या. लांब टांगा टाकू नका (कारण प्रश्न ८ मध्ये आहे). डबक्यात पडलेली तार म्हणजे अख्खं डबकंच जिवंत समजा.

१५. नुकसान झालं. पंचनामा, विमा, मदत कुणाकडे मागायची?

आधी आवराआवर नको. तारीख-वेळ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा, गट नंबर लिहून ठेवा. तलाठी आणि कृषी सहायक यांना कळवा. पीकविमा असेल आणि त्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचं संरक्षण असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, त्यासाठी १४४४७ हा क्रमांक आहे. रविवार आला म्हणून थांबू नका, घड्याळ चालूच असतं. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावं लागतं. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर मिळतो.

एक अवघड गोष्ट. वीज पडून माणूस गेला तर वारसांना चार लाखांची मदत मिळते, पण शवविच्छेदन आणि पोलीस पंचनामा झालेला लागतो. दुःखाच्या भरात नातलग तसेच अंत्यविधी करतात आणि मग घर चालवणारं कुणी नसताना कागद अडतात. गावातल्या कुणा शहाण्या माणसानं त्या वेळी हे हळूच सांगावं.

१६. मुलगी अमेरिकेत ओक्लाहोमाला आहे, तिसऱ्या मजल्यावर, तळघर नाही. सायरन वाजला की ती आम्हाला फोन करते. तिला काय सांगू?

आधी हे सांगा, की सायरन वाजल्यावर आईला फोन करायचा नाही. ती मिनिटं आडोशाला जायची आहेत. सुरक्षित झाल्यावर "मी ठीक" एवढा मेसेज पुरे.

तिकडे दोन शब्द आहेत. 'टोर्नेडो वॉच' म्हणजे परिस्थिती जुळून आली आहे, सावध राहा. 'टोर्नेडो वॉर्निंग' म्हणजे प्रत्यक्ष दिसला आहे किंवा रडारवर सापडला आहे, आत्ता जा. हाताशी बहुधा दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी त्याहून कमी. सायरन मुख्यतः बाहेरच्या लोकांसाठी असतो, त्यामुळे रात्री झोपताना फोनवरचे इशारे चालू ठेवायला सांगा.

तिसरा मजला सोडून तिनं तळमजल्यावर यावं. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आत्ताच, उन्हाच्या दिवशी बोलून ठेवावं. खिडकी नसलेली आतली जागा बघावी: बाथरूम, कपाटाची खोली, जिन्याखालचा भाग. पायांत बूट, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, अंगावर गादी. मैत्रीण चाकांवरच्या 'मोबाइल होम'मध्ये राहत असेल तर वॉच असतानाच तिला आपल्याकडे बोलवावं. ती घरं जागेवर राहत नाहीत.

टोर्नेडोच्या ताकदीचे 'ईएफ-२ होता' वगैरे जे आकडे ती सांगते ते नुकसान पाहून नंतर ठरवतात. ईएफ-० मध्ये वारा ताशी १०५ किलोमीटरपासून, ईएफ-५ मध्ये ३२२ च्या वर. येत असताना तो कितवा आहे हे कुणालाच माहीत नसतं. २२ मे २०११ रोजी मिसुरीतल्या जॉप्लिन शहरात आलेल्या टोर्नेडोनं १५८ जणांचा जीव घेतला. सायरन नेहमीचाच समजून कित्येकांनी तो मनावर घेतला नव्हता, असं नंतरच्या चौकशीत पुढे आलं. म्हणून तिच्या शहरात शंभरदा फुकट वाजला असला तरी एकशे एकाव्या वेळीही तिनं खाली उतरावं. आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही फोन लावत राहू नका, तिची बॅटरी तिला लागणार आहे.